बाईंची उंटीण

धुळ्यात खोली शोधत फिरलो तेव्हा घरमालकांचे प्रश्न मला पाठ झाले होते. लग्न झालंय का, नॉनव्हेज खाता का, मित्र येऊन बसतात का, आडनाव काय, आणि आडनावानं समाधान झालं नाही तर गाव कोणतं. बाईंनी यातलं एक अक्षर विचारलं नाही. व्हरांड्यात ताट मांडीवर घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. चष्म्यावरून मला न्याहाळून म्हणाल्या, "लहानपणी कुठल्या राक्षसाची भीती वाटायची?"

ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायला आलेल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. मी गडबडून खरं बोललो. म्हटलं, "राक्षसाची नाही, आमच्या भडगावच्या हेडमास्तरांची वाटायची."

"दिसायला कसे होते?"

"चांगले होते की. गोरेपान, हसतमुख."

"मग बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "वरची खोली घ्या."

या 'बरोबर'चा अर्थ मला पुढे कधीतरी कळला. बाईंचं म्हणणं असं, की गोष्टीतला वाईट माणूस कधी कुरूप दाखवू नये. त्याला सुळे लावले, शिंगं लावली, की पोरं घरी जाऊन आरशात बघतात, आपल्याला शिंगं नाहीत हे पाहून निश्चिंत होतात आणि बहिणीच्या वाटणीची चिक्की खातात. त्यामुळे बाईंच्या गोष्टीतले दुष्ट लोक देखणे, गोडबोले आणि स्वच्छ धुतलेल्या कपड्यांतले असत. कॉलनीतल्या बऱ्याच सभ्य गृहस्थांना हे लागत असे.

बाई मिशनच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. सत्तरी उलटलेली, अंगानं काटकुळ्या, मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ, ते सतत कोपरापर्यंत सरकायचं. त्यांचे साहेब, म्हणजे यजमान, फार पूर्वी वारले होते. बाईंशी बोलताना मात्र ते आत्ताच बाजारात गेलेत असं वाटे. "साहेबांना कढीत साखर चालत नाही," असं त्या वर्तमानकाळात सांगत आणि कढीत साखर घालत नसत.

मी ख्रिश्चन बाईंकडे राहतो म्हटल्यावर भडगावहून आईचा फोन आला. "पोऱ्या, तिकडे खाताना जपी ऱ्हाय." इथं जपण्यासारखं काही नव्हतं. बाई पक्क्या शाकाहारी होत्या, आणि त्याचं कारण धार्मिक नव्हतं. त्यांनी एकदा कोंबड्या पाळल्या, हौसेनं त्यांना नावं दिली, आणि नाव घेऊन हाक मारलेल्या प्राण्याला कापता येईना. आई पुढे स्वतः येऊन खात्री करून गेली. दोघींनी मिळून वांग्याचं भरीत केलं, मिरच्या किती यावरून भांडल्या आणि मैत्रिणी झाल्या. मला दोघींनी मिळून बावळट ठरवलं.

दर रविवारी चार वाजता मागच्या अंगणात कडुलिंबाखाली बाई गोष्ट सांगत. ही गोष्ट संपत नसे. वर्षभर एकच चाले, मागच्या रविवारी जिथं थांबली तिथून पुढे. कॉलनीतली वीस-पंचवीस पोरं यायची, त्यात हिंदू होती, पलीकडच्या गल्लीतली मुसलमानांची होती, चर्चमधली दोन-चार होती. ऊन सरकेल तशी सावली सरकायची आणि सावलीबरोबर पोरं. गोष्ट सुरू होताना सगळी झाडाखाली असत, संपताना सगळी शेजारच्या नानांच्या भिंतीला चिकटलेली. त्यामुळे नानांना गोष्ट नेहमी अर्ध्यापासून ऐकू येई. अर्धवट ऐकलेल्या गोष्टीवर माणूस जितका चिडतो तितका पूर्ण ऐकलेल्या गोष्टीवर चिडत नाही.

बाईंचा एकच कडक नियम होता. तात्पर्य विचारायचं नाही. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात गोष्ट संपली रे संपली की खाली ठळक अक्षरांत तात्पर्य छापलेलं असतं. बाईंनी नोकरीभर ते शिकवलं आणि निवृत्तीनंतर त्याचा सूड घेतला. "जेवणाऱ्याचा हात धरून या घासात किती जीवनसत्त्वं आहेत ते कुणी सांगतं का?" असं त्या विचारत. जे पोर तात्पर्य विचारेल त्यानं सगळ्या कुंड्यांना पाणी घालायचं, ही शिक्षा. मे महिन्यात धुळ्याचं ऊन चढलं आणि गोष्टीच्या दुसऱ्याच वाक्याला अख्खा वर्ग "बाई, तात्पर्य काय?" म्हणून ओरडायला लागला. नळीखाली सगळे चिंब भिजले. बाईंनी ताबडतोब शिक्षा बदलून शुद्धलेखन केली, आणि कॉलनीतली तात्पर्याची गोडी एका दिवसात संपली.

मी राहायला गेलो त्या वर्षीची गोष्ट एका दगडांच्या राज्याची होती. या राज्यात कुणी खोटं बोललं, चोरी केली, कुणाचं मन दुखवलं, की त्याच्या खिशात एक दगड येई. फेकला तरी परत येई. राजापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे वाकून चालायचे. तिथला दिवाण फार प्रेमळ. तो लोकांना दगड ठेवायला सुंदर कशिदा काढलेल्या झोळ्या विके आणि पोरांना खिशातून पेपरमिंट काढून देई. अशा राज्यात एक म्हातारी उंटीण फिरत असते. तिचं नाव जिजी. आमच्याकडे घरातल्या मोठ्या बाईला जिजी म्हणतात, म्हणून बाईंनी तेच ठेवलं. जिजी कुणाला काही विचारत नाही, उपदेश करत नाही, नुसती शेजारी येऊन बसते आणि म्हणते, "ठेव माझ्या पाठीवर."

मी एकदा न राहवून विचारलं, "बाई, उंट जास्तीत जास्त किती वजन उचलतो?"

"सायन्स, गप्प बसा," बाई म्हणाल्या. त्या मला सायन्सच म्हणत. पोरं मात्र माझ्याकडे अशा काही दयेनं बघायला लागली की मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

नाना एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष, व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन, आणि खिशात कायम पेपरमिंट बाळगणारे. दिवाणाचं वर्णन भिंतीपलीकडून ऐकल्यावर त्यांनी पोरांना पेपरमिंट देणं बंद केलं, त्यामुळे पोरांची खात्रीच पटली. मग एक दिवस ते तणतणत व्हरांड्यात आले. नेमके त्याच वेळी चर्चचे पाळकसाहेबही आले होते. पाळक तरुण होते, नवीन होते, आणि रविवारी सकाळी बाई चर्चमध्ये पोरांचं जे संडेस्कूल घेत त्यासाठी प्रत्येक गोष्टीखाली वचन आणि रंगवायला चित्र असलेलं पुस्तक आलं होतं. बाईंनी ते वापरावं अशी त्यांची विनंती होती. बाई म्हणाल्या, "प्रभूनं बियाण्याच्या गोष्टी सांगितल्या, मेंढरांच्या सांगितल्या, घर सोडून गेलेल्या पोराची सांगितली. लोक डोकं खाजवत घरी गेले. त्यानं गाईड काढलं नाही."

नानांनी खुर्ची ओढली आणि थेट मुद्द्याला हात घातला. "बाई, मला खरं सांगा. ही उंटीण म्हणजे नेमकी कोण?"

"हेच मी विचारतोय," पाळक म्हणाले.

"उंटीण," बाई म्हणाल्या.

"तुम्ही आमच्या पोरांना गोष्टीतून काहीतरी पाजताय," नाना म्हणाले.

"काहीच पाजत नाहीत, तीच तर माझी तक्रार आहे," पाळक म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतकं एकमत त्यांचं कुणाशीच फारसं होत नसावं. बाईंनी चहा विचारला तर दोघांनी नको म्हटलं आणि बरोबरच बाहेर पडून कोपऱ्यावरच्या टपरीवर घेतला.

या पोरांत एक मुलगी होती, नऊ वर्षांची. समोरच्या अक्कांची नात. तिचे वडील वेल्डिंगचं दुकान चालवायचे, दिवाळीनंतर डेंग्यूनं चार-सहा दिवसांत गेले. पोरगी रडली नाही. बायका कौतुक करायच्या, केवढं धीराचं लेकरू म्हणून. मला ते कौतुक ऐकून बरं वाटत नसे. ती सगळ्यांच्या मागे बसे, काही विचारत नसे, आणि गोष्ट संपली की गुपचूप उठून जाई.

गुड फ्रायडे आला. बाई पांढरं लुगडं नेसून दुपारी चर्चला गेल्या, उपास केला, चूल पेटवली नाही. संध्याकाळी परत आल्या आणि रविवार नसताना पोरांना अंगणात बोलावलं. त्या दिवशी गोष्टीत राज्यातले सगळे लोक आपापले दगड घेऊन जिजीकडे आले. राजा आला, दिवाणसुद्धा आला, रुमालानं हात पुसत. सगळ्यांनी तिच्या पाठीवर दगड रचले, दोऱ्यांनी आवळून बांधले. दोऱ्या पाठीत रुतल्या. लोक ताठ उभे राहिले, एकमेकांचे चेहरे पहिल्यांदा नीट बघितले, हसले. जिजी कोरड्या नदीत उतरली, गुडघे टेकले, आणि पुन्हा उठली नाही. बाई एवढंच बोलल्या आणि आत निघून गेल्या. अंगणात रडारड झाली. मी वरच्या गॅलरीत होतो. फिजिक्सचा माणूस असूनही मला खाली बघवेना.

पोरं रडत घरोघरी गेली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "बाईंकडची जिजी मेली." अक्कांनी खिडकीतून पाहिलं होतंच. पांढरं लुगडं, चूल बंद, बाई कुणाशी बोलत नाहीत. आणखी पुरावा काय हवा? अक्कांनी नानांना सांगितलं, आणि नानांनी ॲडमिन या नात्यानं ग्रुपवर टाकलं, 'बाईंच्या घरच्या ज्येष्ठ जिजी यांचे दुःखद निधन.' खाली भराभर भावपूर्ण श्रद्धांजली सुरू झाल्या. एकानं लिहिलं, 'मायाळू व्यक्तिमत्त्व हरपले.' वॉर्डातल्या एका होतकरू पुढाऱ्यानं बॅनरसाठी फोटो मागितला. बाईंकडे साधा बटणांचा फोन, आणि मी ग्रुपच्या तिन्हीत्रिकाळच्या शुभेच्छांना कंटाळून कधीच बाहेर पडलेलो. आम्हाला यातलं काही कळलं नाही.

शनिवारी सकाळी दार उघडलं तर बाहेर पंधरा-वीस बायका. आमच्या खानदेशात कुणाकडे मयत झालं की सांत्वनाला जातात, त्याला दारावर जाणं म्हणतात. दारावर गेलेल्यानं गप्प येऊन बसायचं, चहाची अपेक्षा ठेवायची नाही, निघताना 'येते' म्हणायचं नाही. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून अक्कांनी पिठलं-भाकरीही आणली होती. सगळ्या जणी पदर सावरून व्हरांड्यात बसल्या. बाई बिचाऱ्या गोंधळून उभ्या.

अक्कांनी सुस्कारा सोडला. "काय जायं व्हतं जिजीले? कशी गयी?"

बाईंच्या हळूहळू लक्षात आलं. लपवाछपवी त्यांना जमत नसे. त्या म्हणाल्या, "अक्का, जिजी माणूस नव्हती हो. उंटीण होती. तीसुद्धा गोष्टीतली."

कुणीतरी तोंडाला पदर लावून फिस्कन हसलं. एक जण उठायला लागली तशी अक्कांनी तिचा हात धरून खाली बसवलं. "आते उनूत तं बसूतच. दारवर येल माणूस असंच उठी जास का?" मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "उंटीन तं उंटीन. कशी गयी ते सांगा."

आणि बाईंनी त्या सगळ्या बायकांना गोष्ट सांगितली. पापडाचं पीठ घरी भिजवून आलेल्या बायका तासभर हलल्या नाहीत. पेपरमिंटवाल्या दिवाणाशी आल्यावर दोघी-तिघींनी नानांच्या घराकडे पाहिलं. दोऱ्या रुतल्या तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

सगळ्या गेल्यावर अक्का मागे राहिल्या. म्हणाल्या, "बाई, बाप गया तवय पोर रडनी नही. काल रातभर रडनी. तुमनी उंटीननी रडाडं तिले." अक्का पायरी उतरल्या आणि थांबल्या. "आते पुढे काय सांगनं शे ते सांगा. पन तिले खोटं सांगू नका."

त्या दुपारी बाई जेवल्या नाहीत. उपास संपला होता, समोर पिठलं-भाकरी होती, तरी जेवल्या नाहीत. त्यात नाना येऊन सांगून गेले. ग्रुपवर निधन मागे घ्यावं लागल्यामुळे ते आधीच तापलेले होते. "तुमच्यात तिसऱ्या दिवशी, ईस्टरला, प्रभू जिवंत होतो ते मला माहितीये. उंटीण उद्या उठून बसली, तर परवापासून कॉलनीतलं एक पोर तुमच्या अंगणात दिसणार नाही." पाळकांचा फोन आला. ते नम्रपणे म्हणाले, की उंटीण उठली तर ती कोणाच्या सामर्थ्यानं उठली हे सांगावंच लागेल, नाहीतर संडेस्कूल दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल. बाईंनी दोघांना बरं म्हटलं. त्यांना त्या दोघांचं काहीच पडलं नव्हतं.

"सायन्स," त्या मला म्हणाल्या, "जिजी परत येते म्हटलं, तर ती पोर विचारणार, मग माझे पप्पा का आले नाहीत. येत नाही म्हटलं, तर मी खोटं बोलले. आयुष्यभर मी सांगत आले, परत भेटतात म्हणून. चर्चमध्ये सांगितलं, लोकांच्या मयतीला सांगितलं. एका पोरीच्या तोंडावर सांगायची वेळ आली आणि माझी जीभ उचलेना. तुमच्या शास्त्रात काय आहे?"

आमच्या शास्त्रात यावर काही नव्हतं. मी तसं सांगितलं. मला त्यांची फार दया आली आणि माझा स्वतःचा राग आला.

रविवारी चारला अंगणात बसायला जागा नव्हती. पोरं होती, शनिवारच्या सगळ्या बायका होत्या. नाना या वेळी भिंतीवरून उघडपणे बघत होते, सुरुवातीपासून. पाळक चर्चहून केकची पिशवी घेऊन आले होते आणि फाटकाशी उभे होते. अक्का नातीला घेऊन मागे बसल्या.

बाईंनी घड्याळ मनगटावर ओढलं आणि सुरुवात केली. "पहाटे लोक नदीत गेले. दगड तिथंच पडले होते. दोऱ्या पडल्या होत्या. जिजी नव्हती."

"मग?" पोरं म्हणाली.

बाईंनी मागे पाहिलं. पोरगी त्यांच्याकडेच बघत होती. "मग..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. इतक्या वर्षांत त्या गोष्टीत अडखळल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "पुढचं मला सांगता येत नाही, पोरांनो."

मागून आवाज आला, "ती आहे."

अक्कांची नात उभी राहिली होती. "नदीच्या पलीकडे आहे. तिथं उभी आहे."

पुढच्या रांगेतल्या एका मुलानं मान वळवली. "तुला काय माहीत तीच आहे? उंट सगळे सारखेच दिसतात."

"तिच्या पाठीवर दोऱ्यांचे वळ आहेत."

"परत आल्यावर कसे असतील? जातील ना ते!"

"नाही जात," ती ठामपणे म्हणाली. "दुखत नाहीत आता. पण आहेत. नाहीतर आपण ओळखणार कसं?"

फाटकाशी काहीतरी पडलं. पाळकांच्या हातातली केकची पिशवी होती. नानांनी भिंतीवरून वाकून दबक्या आवाजात विचारलं, "काय झालं हो?" पाळक म्हणाले, "आमच्या प्रभूला त्याच्या माणसांनी असंच ओळखलं होतं. हातावरच्या खुणा बघून. हिला हे कुणी सांगितलं?" नानांना यावर हरकत घ्यायला भरपूर जागा होती. त्यांनी घेतली नाही. हातानंच पाळकांना बसा म्हणून खूण केली.

पोरगी वाट काढत बाईंपुढे आली. "पप्पांच्या हातावर वेल्डिंगचे डाग होते. ते राहतील ना?"

मी अक्कांकडे पाहिलं. त्या बाईंकडे रोखून बघत होत्या. बाईंनी पाळकांकडे पाहिलं नाही, नानांकडे पाहिलं नाही. पोरीचे दोन्ही हात धरून त्या म्हणाल्या, "मी तिकडे जाऊन आलेले नाही बाळा, म्हणून ठाऊक आहे असं म्हणत नाही. पण राहतील असा माझा भरवसा आहे. मीसुद्धा त्याच भरवशावर थांबले आहे. आमच्या साहेबांना मी तसंच ओळखणार."

"त्यांच्या हातावर पण डाग आहेत?"

"नाही. कपाळावर खोक आहे. आमचं स्वयंपाकघराचं दार बुटकं, आणि ते उंच. सांगून सांगून थकले, तरी रोज आपटायचे."

पोरगी खुदकन हसली, आणि डोळे पुसत तिथंच बाईंच्या मांडीला टेकून बसली.